उन्हाळी वाचन-उपक्रम, सार्वजनिक ग्रंथालयांतील

शाळांच्या दीर्घ सुटीत मुलांचे वाचन चालू राहावे, या हेतूने सार्वजनिक ग्रंथालयांनी आखलेला कार्यक्रम. मुलांची नोंदणी करणे, त्यांना स्वतःच्या आवडीची पुस्तके निवडू देणे, वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणे आणि त्या जोडीला कथाकथन, हस्तकला, चित्रपट, व्याख्याने इ. कार्यक्रम योजणे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. परीक्षा नसणे, उपस्थितीची सक्ती नसणे व पुस्तकाची निवड वाचकाकडे असणे, ही त्याची तीन प्रमुख लक्षणे होत. त्यांमुळे शाळांच्या उन्हाळी वर्गांहून तो वेगळा ठरतो. या उपक्रमाचा उगम व विस्तार मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे वस्तीतील लहान शाखा-ग्रंथालयाच्या वर्षभराच्या कामात त्याला मध्यवर्ती स्थान प्राप्त झालेले आहे. शाळा बंद असताना ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत, त्याच्या वाचनाचे काय होते, या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे ग्रंथालयशास्त्राबरोबरच शिक्षणशास्त्र व समाजशास्त्र यांतही त्याचा अभ्यास झाला आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील उन्हाळी सुटी शेतीच्या कामांसाठी सुरू झाली, असा समज रूढ आहे, तथापि तो इतिहासाशी जुळत नाही. शेतीत मनुष्यबळाची खरी निकड पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत असे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील अनेक ग्रामीण शाळा हिवाळ्यात व उन्हाळ्यात भरत आणि वसंत व शरद या ऋतूंत बंद राहत. शहरांतील शाळा मात्र जवळजवळ वर्षभर चालत. शहरी उकाडा, साथीच्या रोगांची भीती, सतत अभ्यासाने मुलांच्या प्रकृतीवर ताण पडतो ही तत्कालीन समजूत आणि सधन कुटुंबांची उन्हाळ्यात शहराबाहेर जाण्याची प्रथा, या कारणांनी शतकाच्या उत्तरार्धात उन्हाळ्याची दीर्घ सुटी स्थिर झाली. सधन कुटुंबांतील मुले गावाबाहेर गेली, तरी कामगार वस्त्यांतील व नव्याने आलेल्या स्थलांतरितांची मुले शहरातच राहत. त्यांच्यासाठी क्रीडांगणे, उन्हाळी शाळा व वाचनकक्ष उघडण्याची चळवळ याच काळात उभी राहिली.

त्यापूर्वी बहुतेक ग्रंथालयांत लहान मुलांना प्रवेश नव्हता. ठराविक वय पूर्ण झाल्याखेरीज पुस्तक घरी नेता येत नसे. मॅसॅचूसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे १८९० मध्ये मुलांसाठी स्वतंत्र वाचनकक्ष उघडण्यात आला. हा अशा प्रकारचा पहिला कक्ष मानला जातो. त्यानंतरच्या दहा वर्षांत अनेक शहरांनी हे अनुकरण केले आणि बाल-ग्रंथपाल हा नवा व्यवसाय आकारास आला.

इतिहास : या उपक्रमाच्या आरंभकर्त्यांत कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील ग्रंथपाल कॅरोलाइन ह्यूइन्स (१८४६–१९२६) व ओहायओ राज्यातील क्लीव्हलंड येथील लिंडा ईस्टमन (१८६७–१९६३) यांची नावे अग्रभागी आहेत. ह्यूइन्स यांनी १८८२ मध्ये मुलांसाठी निवडक पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली होती. पुढे सुटीच्या दिवसांत मुलांना एकत्र बसवून पुस्तकांविषयी बोलण्याचा व त्यांतील भाग वाचून दाखविण्याचा प्रघात त्यांनी पाडला. ईस्टमन यांनी १८९७ मध्ये क्लीव्हलंड सार्वजनिक ग्रंथालयात मुलांचा ग्रंथालय-संघ स्थापन केला. पुस्तके स्वच्छ ठेवणे, ती मळू अथवा फाटू न देणे व चांगली पुस्तके इतर मुलांना सुचविणे, ही सभासदांची कर्तव्ये होती. पुस्तकांची निगा हा या संघाचा मूळ हेतू असला, तरी सभासदत्व, बिल्ला व शिफारस केलेल्या पुस्तकांची यादी ही त्याची साधने पुढील काळातील उन्हाळी मंडळांनी जशीच्या तशी उचलली. पिट्‌सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयाने याच सुमारास एक वेगळी वाट धरली. मुले ग्रंथालयात येण्याची वाट न पाहता तेथील बाल-ग्रंथपाल पुस्तके घेऊन शहरातील उन्हाळी क्रीडांगणांवर जात, झाडाखाली गोष्टी सांगत व तेथेच पुस्तकांची देवघेव करीत. ग्रंथालयाने मुलांकडे जावे की मुलांनी ग्रंथालयाकडे यावे, हा आजही चर्चिला जाणारा प्रश्न असा आरंभीच उपस्थित झाला होता.

दोन महायुद्धांच्या दरम्यान उन्हाळी वाचनमंडळांचा प्रसार लहान गावांपर्यंत झाला. एखादी कल्पना घेऊन तीभोवती सर्व कार्यक्रम गुंफण्याची पद्धत या काळात रूढ झाली. उदा., भिंतीवर जगाचा नकाशा लावून प्रत्येक पुस्तकागणिक मुलाचे नाव एका देशातून दुसऱ्या देशात सरकविणे, किंवा आगगाडीच्या चित्राला एकेक डबा जोडणे. सुटीच्या अखेरीस ठराविक संख्या पूर्ण करणाऱ्यांना प्रशस्तिपत्रे देण्यात येत आणि ती पुष्कळदा शाळा सुरू झाल्यावर वर्गात वाटली जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टींनी उपक्रमास बळ मिळाले. एक म्हणजे १९५६ चा ग्रंथालय-सेवा अधिनियम. त्याद्वारे प्रथम ग्रामीण भागास व १९६४ च्या विस्तारानंतर शहरांसही केंद्र शासनाचे साहाय्य उपलब्ध झाले. दुसरी म्हणजे कथाकथनाची विकसित होत गेलेली परंपरा. न्यूयॉर्क येथील सेंट्रल पार्कमध्ये हॅन्स क्रिश्चन अँडरसन याचा पुतळा १९५६ मध्ये उभारण्यात आला आणि त्याच्या पायथ्याशी उन्हाळ्यात दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगण्याची प्रथा पडली. तेथे गोष्टी सांगणाऱ्यांत ऑगस्टा बेकर (१९११–९८) या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या नामवंत कथाकथनकार होत्या. १९६१ मध्ये त्या तेथील बालसेवेच्या प्रमुख झाल्या. हे पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत.

लहान ग्रंथालयांना दरवर्षी नवी कल्पना, भित्तिपत्रके व नोंदपत्रके तयार करणे परवडत नसे. ही अडचण ओळखून मिनेसोटा राज्यातील प्रादेशिक ग्रंथालय-संघटनांनी १९८७ मध्ये एकत्र येऊन सामाईक साहित्य छापण्यास सुरुवात केली. या सहकारी योजनेत पुढे देशातील बहुतेक सर्व राज्ये सामील झाली. तिच्या वतीने प्रतिवर्षी एक विषय निश्चित केला जातो. चंद्रावरील मानवाच्या पदार्पणास पन्नास वर्षे झाली, त्या २०१९ साली अवकाश हा विषय होता, तर २०२२ मध्ये महासागर हा होता.

ग्रेट ब्रिटनमध्ये १९९९ पासून चार ते अकरा वर्षे वयाच्या मुलांसाठी देशव्यापी उन्हाळी वाचन-आव्हान योजले जाते. सुमारे सहा आठवड्यांच्या सुटीत सहा पुस्तके वाचावयाची, एवढीच त्याची अट असते. जपानमध्ये १९५५ पासून चालू असलेली वाचनानुभव-निबंधांची राष्ट्रीय स्पर्धा उन्हाळी सुटीच्या गृहपाठाशी निगडित झाली आहे. तथापि ती शाळांमार्फत चालते आणि तीत लेखनास महत्त्व असते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येत असल्याने तेथील ग्रंथालयांचे कार्यक्रम नाताळच्या सुटीला जोडून होतात.

कार्यपद्धती : अमेरिकेतील एखाद्या वस्तीतील शाखा-ग्रंथालयाचा कार्यक्रम जून ते ऑगस्ट या महिन्यांत सहा ते दहा आठवडे चालतो, त्याची तयारी मात्र आदल्या हिवाळ्यात सुरू होते. शाळा बंद होण्यापूर्वी ग्रंथपाल परिसरातील शाळांत जाऊन वर्गावर्गांतून माहिती देतात. नोंदणी केलेल्या मुलास नोंदपत्रक मिळते. त्यावर पूर्वी पुस्तकांची संख्या लिहिली जाई. जाड पुस्तक वाचणाऱ्याचे नुकसान व्हावे आणि पातळ पुस्तकांची निवड वाढावी, असा या पद्धतीचा परिणाम दिसून आल्याने अनेक ग्रंथालयांनी संख्येऐवजी वाचनास दिलेली मिनिटे वा दिवस मोजण्यास प्रारंभ केला. मोठ्यांनी वाचून दाखविलेले, ध्वनिमुद्रणावरून ऐकलेले किंवा मातृभाषेतील पुस्तकही ग्राह्य धरले जाते.

साप्ताहिक कार्यक्रमांची विभागणी वयानुसार केली जाते. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी वीस ते तीस मिनिटांचा गोष्टी-गाण्यांचा तास असतो व त्यास पालकांपैकी कोणी तरी उपस्थित असावे लागते. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी जादूचे प्रयोग, बाहुल्यांचे खेळ, विज्ञानातील प्रात्यक्षिके, प्राण्यांची ओळख इ. कार्यक्रम होतात, त्या त्या विषयावरील पुस्तके सभागृहाच्या दाराशी मांडलेली असतात. कार्यक्रमास आलेले मूल परत जाताना पुस्तक घेऊन जावे, हा त्यामागील हेतू होय. तेरा वर्षांवरील मुलांना केवळ श्रोते म्हणून बोलाविल्यास ती येत नाहीत, असा अनुभव असल्याने नोंदणी करणे, लहानग्यांचे वाचन ऐकणे यांसारखी कामे त्यांच्याकडे स्वयंसेवक म्हणून सोपविली जातात. प्रौढांसाठीही वाचनमंडळे, बागकामाची प्रात्यक्षिके, संगीताच्या बैठकी इ. योजण्यात येतात. न्यूयॉर्कसारख्या शहरांत तीव्र उष्म्याच्या दिवसांत ग्रंथालयांच्या वातानुकूलित शाखा सार्वजनिक निवाऱ्याचे कामही करतात.

सुटीत शाळेतील दुपारचे जेवण बंद होते. या उणिवेवर उपाय म्हणून केंद्र शासनाने १९६८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात उन्हाळी आहार योजना सुरू केली आणि १९७५ मध्ये तिला स्वतंत्र योजनेचे रूप दिले. तिची केंद्रे म्हणून अनेक ग्रंथालये काम करतात. जेवणासाठी येणारी मुले बहुधा वाचन-उपक्रमात एरवी न येणाऱ्या कुटुंबांतील असतात, हे या जोडणीचे विशेष महत्त्व होय.

परिणामकारकता : सुटीतील वाचनाचा शैक्षणिक प्रगतीशी असलेला संबंध समाजशास्त्रज्ञ बार्बरा हाइन्स यांनी प्रथम विस्ताराने मांडला. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या सु. तीन हजार विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा अभ्यास करून त्यांनी १९७८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळेच्या महिन्यांत निरनिराळ्या आर्थिक स्तरांतील मुलांच्या प्रगतीत फारसा फरक पडत नाही. तो मुख्यतः सुटीत पडतो, असे त्यांना आढळले. सुटीत सहा वा अधिक पुस्तके वाचणाऱ्यांची प्रगती इतरांहून अधिक होती आणि या काळात बौद्धिक वाढीस साहाय्यभूत होणाऱ्या सार्वजनिक संस्थांत ग्रंथालयाचा क्रम वरचा होता. घरापासून ग्रंथालय जितके जवळ तितका त्याचा वापर अधिक, हा त्यांचा निष्कर्ष वस्तीतील शाखेचे महत्त्व सिद्ध करणारा ठरला.

बॉल्टिमोर येथे १९८२ पासून पहिलीतील मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या संशोधकांनी या घटनेस नळाची उपमा दिली : शाळा चालू असताना साधनांचा नळ सर्वांसाठी वाहतो, सुटीत तो गरीब कुटुंबांपुरता बंद होतो. नववीच्या वर्गात दिसणाऱ्या वाचनातील तफावतीपैकी सु. दोन-तृतीयांश भाग प्राथमिक शाळेच्या काळातील उन्हाळी सुट्यांत निर्माण झालेला असतो, असे त्यांनी २००७ मध्ये प्रतिपादिले. या मतास पुढे आव्हान मिळाले. जुन्या चाचण्यांतील गुणांची मोजपट्टी सदोष होती आणि सुधारित चाचण्यांनी पाहता तफावतीचा बराचसा भाग मूल शाळेत येण्यापूर्वीच निर्माण झालेला असतो, असे पॉल फोन हिपेल व त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे सुटीत सर्वच मुले मागे पडतात, हे सरसकट विधान आता सावधपणे करावे लागते.

प्रत्यक्ष उपक्रमाचे मोजमाप त्याहूनही अवघड आहे. चौथीच्या टप्प्यावरील मुलांचा २००६ ते २००९ या काळात अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी मुलांचे वाचन-गुण इतरांहून सरस आढळले. परंतु ते सुटीपूर्वीही सरस होते. अर्थात चांगली वाचणारी मुलेच मुख्यतः नाव नोंदवितात आणि गुणांचे श्रेय उपक्रमास द्यावे की मुळातील आवडीस, हे ठरविता येत नाही. ही त्रुटी टाळणारा एक प्रयोग फ्लॉरिडा राज्यात झाला. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांची यदृच्छया निवड करून त्यांना तीन वर्षे, दर उन्हाळ्यात, त्यांनी स्वतः निवडलेली बारा पुस्तके देण्यात आली. अशी पुस्तके न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत त्यांची वाचनातील प्रगती स्पष्टपणे अधिक होती. या प्रयोगात ग्रंथालय नव्हते; तथापि स्वतः निवडलेले पुस्तक हाताशी असणे हाच निर्णायक घटक आहे, हे त्याने दर्शविले.

वादविषय : पारितोषिकांचा प्रश्न जुना आहे. मार्क लेपर व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना आधीच बक्षिसाचे आश्वासन दिले असता, पुढे मोकळ्या वेळी ती मुले चित्रांकडे कमी वळली. वाचनासही हाच न्याय लावून खेळणी व खाद्यपदार्थ देण्यास काही ग्रंथपालांनी विरोध केला. याउलट, ज्याला वाचनाची गोडीच लागलेली नाही त्याला पहिल्यांदा दारात आणण्यासाठी आमिष लागते, असा दुसरा पक्ष आहे. यावर तोड म्हणून बक्षीस म्हणून पुस्तकच द्यावे, अथवा सर्व मुलांनी मिळून वाचनाचे एक सामुदायिक उद्दिष्ट गाठावे, अशा पद्धती अवलंबिल्या जातात.

याहून गंभीर प्रश्न विलंबशुल्काचा होय. पुस्तक वेळेवर परत न केल्याने दंड साचतो, कार्ड गोठते आणि गरीब कुटुंब ग्रंथालयापासून कायमचे तुटते. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने जानेवारी २०१९ मध्ये आर्थिक दंड ही सामाजिक विषमता असल्याचा ठराव केला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये शिकागो सार्वजनिक ग्रंथालयाने विलंबशुल्क रद्द केले. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाखा बंद राहिल्या, तेव्हा नोंदणी व कथाकथन संगणकाद्वारे चालले आणि पुस्तके दाराबाहेर सुपूर्द करण्यात आली. ज्या घरी संगणक व इंटरनेट नव्हते ती मुले या व्यवस्थेबाहेर राहिली.

भारतातील स्थिती : सार्वजनिक ग्रंथालयाची अमेरिकन कल्पना भारतात प्रथम बडोदे संस्थानात रुजली. सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाने साक्षर झालेली मुले पुस्तकांअभावी पुन्हा निरक्षर होऊ नयेत, ही महाराजांची चिंता उन्हाळी उपक्रमामागील विचाराशी मिळतीजुळती होती. मुलांसाठी स्वतंत्र विभाग आणि खेड्यांतून फिरणाऱ्या ग्रंथपेट्या, ही तेथील व्यवस्थेची वैशिष्ट्ये होत. शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीतील प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे, या सूत्रात बालवाचकही अंतर्भूत आहेत. यूनेस्कोच्या साहाय्याने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाने बालविभागात कथाकथनादी कार्यक्रम आरंभापासून चालविले. केरळातील ग्रामीण ग्रंथालयांना जोडलेल्या ‘बालवेदी’ या बालमंडळांचे कार्यही या संदर्भात उल्लेखनीय आहे.

महाराष्ट्रात उन्हाळ्यातील ज्ञानोपासनेची परंपरा जुनी असली, तरी ती प्रामुख्याने प्रौढांची व श्रवणाची आहे. न्यायमूर्ती म. गो. रानडे (१८४२–१९०१) यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हे तिचे ठळक उदाहरण होय. तिच्या धर्तीवर अनेक गावांतील वाचनालये व्याख्यानमाला भरवितात. मुलांसाठी मे महिन्यात अल्प वर्गणीचे सुटीपुरते सभासदत्व देणे, कथाकथन, वक्तृत्व, हस्ताक्षर व पुस्तक-परिचय यांच्या स्पर्धा घेणे, असे कार्यक्रम शहरांतील अनेक ग्रंथालये करतात. विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हामुळे ते सकाळी लवकर अथवा सायंकाळी योजावे लागतात.

तथापि येथील ग्रंथालयव्यवस्था वेगळी असल्याने अडचणीही वेगळ्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्यात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. शासनमान्य ग्रंथालये बहुतांशी स्थानिक संस्थांनी चालविलेली असून त्यांची अ, ब, क व ड अशी वर्गवारी केलेली आहे आणि त्यांस वर्गानुसार अनुदान मिळते. पुस्तक घरी नेण्यासाठी सामान्यतः वर्गणी व अनामत भरावी लागते. पुस्तके कुलूपबंद कपाटांत असल्यास मुलास ती हाताळून निवडताही येत नाहीत. अमेरिकेतील अनुभवाने ज्या दोन गोष्टी कळीच्या ठरविल्या, त्या म्हणजे विनामूल्य देवघेव व स्वतःची निवड. त्याच येथे दुर्मिळ आहेत. शिवाय सुटीत शहरांतील पुष्कळ मुले आजोळी व मूळ गावी जातात. त्यामुळे वाचनाची गरज शहरातील सुसज्ज ग्रंथालयाकडून खेड्यातील ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाकडे सरकते आणि तेथे मुलांची पुस्तके मोजकी असतात. यावर ग्रंथपेटीची जुनी कल्पना आजही उपयोगी आहे. नासिक येथील कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ मध्ये सुरू झालेल्या योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांत फिरविल्या जातात. ग्रामीण वाचनालयांना सुटीपुरत्या बालसाहित्याच्या अशा पेट्या पुरविल्यास मोठ्या खर्चाविना हे कार्य होऊ शकेल.

एकंदरीत उन्हाळी वाचन-उपक्रमाचे यश कार्यक्रमांच्या संख्येवर अथवा पारितोषिकांवर अवलंबून नसते, असे शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवावरून दिसते. ग्रंथालय पायी जाण्याजोगे जवळ असणे, पुस्तक दंडाच्या वा अनामतीच्या भीतीविना नेता येणे, ते मुलाने स्वतः निवडणे आणि त्याच्याशी त्या पुस्तकाविषयी बोलणारे प्रौढ माणूस तेथे असणे, या चार गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे ज्यांना उपक्रमाची खरी गरज आहे अशी मुले येतात. एरवी तो आधीच वाचणाऱ्या मुलांपुरता मर्यादित राहतो. [⟶ ग्रंथालय, बालवाङ्‌मय].